गलक्यातली हाक ओळखायची कशी?

ख्रिस्ती घरातल्या मुलाला 'देव बोलतो' हे फार लवकर कळतं. रविवारच्या शाळेत शमुवेलाची गोष्ट सांगितली जाते: शिलोच्या मंदिरात रात्री झोपलेला मुलगा, त्याला आलेली हाक आणि तीन वेळा उठून त्याचं म्हाताऱ्या एलीकडे धावत जाणं. गोष्ट सांगताना आपण मुलाच्या आज्ञाधारकपणावर भर देतो. पण तिच्यात एक अडचण आहे, आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. शमुवेलाला आवाज नीट ऐकू आला होता. रात्र शांत होती, आजूबाजूला गलका नव्हता. तरीही हाक कोणाची हे त्याला कळलं नाही. ते सांगायला एक वृद्ध याजक लागला, आणि तोही कसा, तर दृष्टी अधू झालेला आणि स्वतःच्या मुलांना आवरू न शकलेला.

रोजच्या धावपळीत देवाचा आवाज कसा ऐकायचा, यावर आज प्रवचनांत आणि भक्तिपर पुस्तकांत जे सांगितलं जातं, ते बहुतेक शांततेबद्दल असतं. पहाटे उठा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, दार लावा, पवित्र शास्त्र उघडा. सल्ला चांगला आहे, आणि तो पाळणाऱ्यांचं भलंच होतं. मात्र या प्रश्नाशी दोन हजार वर्षं झुंजलेल्या माणसांकडे वळलं की शांततेने काम अर्धंच होतं असं दिसतं. उरलेलं काम ओळखण्याचं आहे. ज्याला आपण सरसकट व्यत्यय म्हणतो, त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: लक्ष पळवणारा गलका, आणि आपल्याला खरोखर हाक मारणारा माणूस. गलका बाजूला सारायचा असतो. माणसाला बाजूला सारलं, तर ज्याचा आवाज ऐकायला आपण बसलो त्यालाच दाराबाहेर ठेवण्याचा धोका असतो. या विषयावरची निरनिराळी उत्तरं तपासताना मला हाच निकष सर्वांत उपयोगी वाटत आला आहे.

शास्त्रातले प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहेत. होरेब डोंगरावर एलीयासमोरून सोसाट्याचा वारा, भूकंप आणि अग्नी येऊन जातात, आणि मग अगदी हलका आवाज येतो. या हलक्या आवाजावर पुष्कळ बोललं जातं. तो आवाज पुढे काय म्हणतो, यावर कमी. तू इथे काय करतोस, असं तो जीव वाचवायला पळून आलेल्या त्या खचलेल्या माणसाला विचारतो आणि त्याला परत पाठवतो. हजाएल, येहू आणि अलीशा यांना अभिषेक करायचा असतो, म्हणजे राजकारणाच्या आणि माणसांच्या ऐन गर्दीत शिरायचं असतं.

मार्कच्या शुभवर्तमानात तर दोन व्यत्यय जवळजवळ आहेत आणि त्यांची उत्तरं उलटी आहेत. पहिल्या अध्यायात येशू अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला जातो. शिमोन आणि सोबती शोधत येतात, सगळे लोक वाट पाहत आहेत असं सांगतात. येशू त्या लोकांकडे परत जात नाही, दुसऱ्या गावांची वाट धरतो. सहाव्या अध्यायात तो दमलेल्या शिष्यांना घेऊन नावेने निर्जन जागी निघतो, तर लोक किनाऱ्याने पायी धावत आधीच तिथे पोहोचतात. या वेळी त्यांना पाहून त्याला कळवळा येतो आणि विश्रांती सोडून तो त्यांना शिकवायला बसतो. एकदा गर्दी मागे टाकली, एकदा जवळ केली. असं का, याचा नियम मार्क देत नाही, आणि मला वाटतं तो देता येणारही नाही. प्रत्येक वेळी ऐकावं लागतं.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात ऐकण्याचा आणखी एक प्रकार येतो. परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांनी सुंता करावी की नाही, यावर यरुशलेमेत बराच वादविवाद होतो. पेत्र आपला अनुभव सांगतो, पौल आणि बर्णबा घडलेलं सांगतात, याकोब शास्त्राकडे बोट दाखवतो. मग निर्णयाचं जे पत्र जातं त्यात पवित्र आत्मा आणि जमलेली माणसं यांचा उल्लेख एकत्र येतो. देवाची इच्छा इथे समितीच्या बैठकीत कळली आहे. एकट्याने डोळे मिटून बसणं म्हणजेच ऐकणं, असं मानणाऱ्यांनी हा अध्याय अधूनमधून वाचावा.

चौथ्या शतकात हजारो माणसं इजिप्तच्या वाळवंटात गेली. त्यांना शहराचा गलका नको होता. गलका त्यांच्याबरोबर गेला. इव्हाग्रियस (इ. स. ३४५–३९९) हा कॉन्स्टँटिनोपलमधली मानाची कारकीर्द सोडून तिथे आलेला विद्वान. साधकाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी त्याने केली. त्यातल्या 'अकेदिया'चं, म्हणजे मनाच्या उबगाचं, त्याने केलेलं वर्णन आजही चपखल बसतं. सकाळी दहाच्या सुमाराला तो सुरू होतो आणि दुपारी दोनपर्यंत टिकतो. सूर्य जागचा हलत नाही असं वाटतं. साधू सारखा खिडकीकडे पाहतो, खोलीबाहेर येऊन उन्हाचा अंदाज घेतो, कोणी बंधू भेटायला येतोय का ते बघतो. मग या जागेचा आणि हातातल्या कामाचा कंटाळा येतो, दुसरीकडे गेलं तर देव सहज भेटेल असं वाटू लागतं. खिडकीच्या जागी मोबाइलचा पडदा ठेवला की हे वर्णन ठाण्या-पुण्यातल्या कुठल्याही ऑफिसात बसलेल्या माणसाचं होतं. मोबाइलने व्यत्यय निर्माण केला, हे म्हणून अपुरं आहे. जुन्याच उबगाला त्याने हाताशी साधन दिलं.

जॉन कॅशियन हा त्याच वाळवंटात मित्राबरोबर हिंडून वडीलधाऱ्या साधूंना प्रश्न विचारत फिरला आणि पुढे त्याने ते संवाद लिहून काढले. त्यातली एक तक्रार फार प्रामाणिक आहे. एका स्तोत्रावर मनन सुरू करावं तर मन दुसऱ्या स्तोत्रावर जातं, तिथून शुभवर्तमानावर, तिथून आणखी कुठे, आणि शेवटी कशावरच मनन होत नाही. म्हणजे शास्त्रवचनंच एकमेकांचा व्यत्यय झाली! यावर अब्बा इसहाक त्यांना सत्तराव्या स्तोत्राच्या आरंभीची मदतीची छोटी याचना देतो आणि ती काम करताना, चालताना, झोपताना मनात चालू ठेवायला सांगतो. अब्बा मोझेसचं म्हणणं याच्या आधी येतं. मन पाण्याच्या ओघावर चालणाऱ्या जात्यासारखं आहे. ते थांबवणं दळणाऱ्याच्या हातात नसतं. त्यात गहू घालायचा, जव घालायचा की रानगवताचं बी, एवढं मात्र त्याच्या हातात असतं. पूर्वेकडच्या मंडळ्यांत पुढे रुजलेली येशूच्या नावाची अखंड प्रार्थना याच जातीची आहे. १७८२ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या 'फिलोकालिया' या संग्रहाने ती दूरवर नेली. प्रार्थनेत डोळ्यांपुढे आकृती आणि दर्शनं यावीत अशी इच्छासुद्धा धरू नका, हा इव्हाग्रियसचा इशारा मात्र तिच्याइतका लोकप्रिय झाला नाही.

पण वाळवंटातल्या साधूंचं लक्ष मुख्यतः मन आवरण्यावर होतं. मनात उठणाऱ्या दोन चांगल्या विचारांतला देवाचा कोणता, हे ओळखण्याची सर्वांत नेटकी रीत मला इग्नेशियस लोयोलाकडे दिसते.

मे १५२१ मध्ये पँप्लोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागून त्याचा पाय मोडला. लोयोलाच्या गढीत अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने वेळ घालवायला शूर सरदारांच्या कथा मागितल्या. त्या घरात नव्हत्या. हाती आलं ते ख्रिस्ताचं चरित्र आणि संतचरित्रांचं पुस्तक. मग तो तासन् तास दोन प्रकारची स्वप्नं रंगवू लागला. एकात तो एका थोर स्त्रीसाठी पराक्रम गाजवायचा, दुसऱ्यात संतांसारखा अनवाणी यरुशलेमेला जायचा. दोन्ही रंगवताना सारखाच आनंद व्हायचा. फरक नंतर पडायचा: पहिल्या स्वप्नानंतर मन कोरडं, नाराज राहायचं आणि दुसऱ्यानंतर प्रसन्न. हे त्याच्या ध्यानात यायला बराच काळ गेला. विचार येताना कसा वाटतो यापेक्षा तो निघून गेल्यावर मागे काय ठेवतो, हे पाहायचं. पुढच्या सगळ्या शिकवणुकीचं मूळ या निरीक्षणात आहे.

त्याहून मला मोलाचा वाटतो तो बार्सेलोनाचा प्रसंग, तो फारसा सांगितला जात नाही म्हणून जरा सविस्तर. तिशी ओलांडल्यावर इग्नेशियस लॅटिन शिकायला बसला. व्याकरण पाठ करायला घेतलं की त्याच्या मनात अध्यात्माचे नवे नवे अर्थ उमलायचे, भक्तीचा गोडवा दाटून यायचा आणि पाठ करायचं राहून जायचं. कोणालाही वाटलं असतं की देव भेटतोय, व्याकरण राहू दे बाजूला. त्याने वेगळा हिशेब मांडला. प्रार्थनेला बसल्यावर किंवा मिस्सेच्या वेळी हा गोडवा इतका येत नाही, मग तो नेमका अभ्यासाच्या वेळीच का यावा? हा मोह आहे असं त्याने ठरवलं. सांता मारिया देल मार या चर्चमध्ये त्याने आपल्या गुरुजींना बसवून सगळं सांगितलं, आणि खायला भाकर आणि प्यायला पाणी मिळतंय तोवर दोन वर्षं एकही पाठ चुकवणार नाही असं वचन दिलं. त्यानंतर तो त्रास थांबला. भक्तीचा विचारसुद्धा व्यत्यय असू शकतो आणि कंटाळवाणं व्याकरण हे देवाने दिलेलं काम असू शकतं, हे इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणी दाखवल्याचं मला आठवत नाही.

त्याच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तिकेला १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिली. तीस दिवसांचा पूर्ण एकांत हे तिचं प्रसिद्ध रूप. परंतु सुरुवातीच्याच सूचनांमधली एकोणिसावी सूचना अशा माणसासाठी आहे, ज्याला कामधंदा सोडून जाणं शक्य नाही: त्याने रोज दीड तास काढावा आणि तीच साधना घरी राहून अधिक काळ करावी. दुपारी आणि रात्री दिवसाची उजळणी करण्याची पद्धतही तिथलीच. कुठे मन देवाकडे वळलं, कुठे मिटलं, हे शोधायचं. आणखी एक नियम तर घराघरात लिहून ठेवावा असा आहे. मन उदास, कोरडं झालेलं असताना आधी घेतलेला चांगला निर्णय बदलायचा नाही. नोकरी सोडण्याचे, नातं तोडण्याचे किती निर्णय 'देवाने दाखवलं' म्हणत अशाच काळात घेतले जातात!

स्पेनमधल्याच कार्मेल संघातल्या दोघांनी याला पूरक काम केलं. आविलाची तेरेसा 'अंतरीचा किल्ला' (१५७७) लिहिताना सांगते की या क्षणी आपल्या डोक्यात नद्या कोसळत आहेत, पाखरं किलबिलत आहेत, आणि तरी आतली प्रार्थना चालू आहे. मन भटकलं म्हणजे प्रार्थना फुकट गेली, ही धास्ती तिने घालवली. कैक वर्षं हातात पुस्तक असल्याशिवाय आपल्याला प्रार्थनेला बसवत नसे, हेही तिने लपवलं नाही. क्रूसाचा जॉन अधिक कडक. थोडंसं ध्यान जमू लागलेली माणसं मनात उमटलेल्या शब्दांना लगेच 'देव मला असं म्हणाला' असं ठरवतात, प्रत्यक्षात बहुतेक वेळा ती स्वतःशीच बोलत असतात, असं त्याचं निदान आहे. देवाने जे सांगायचं ते पुत्राच्या रूपाने सांगून टाकलं आहे, आता नव्या दर्शनांसाठी त्याच्या मागे लागू नये, असं तो बजावतो. १५७७-७८ मध्ये त्याच्याच संघबंधूंनी त्याला तोलेदोत कोंडून ठेवलं होतं. देवाचं नाव घेऊन वागणारी माणसं किती चुकू शकतात, हे त्याने अंगावर झेललं होतं.

सतराव्या शतकातल्या पॅरिसच्या ब्रदर लॉरेन्सची मठातला मुदपाकखाना सांभाळणारी प्रतिमा सर्वांना प्रिय आहे. तव्यावरचं आम्लेट उलटतानाही देवाच्या सान्निध्यात राहता येतं, हे त्याचं सांगणं खरं आहे. ते घरकामाने पिचलेल्या बायकांना सांत्वन म्हणून ऐकवलं जातं तेव्हा मात्र मला थांबवावंसं वाटतं. लॉरेन्सच्या दिवसाला मठाच्या घंटेचा आधार होता, प्रार्थनेच्या वेळा राखीव होत्या, मागे लहान मुलं नव्हती. आणि तरीही आपली पहिली दहा वर्षं फार जड गेली असं तो सांगतो. आपल्या कितीतरी घरांत पुरुषाची शांत वेळ ही बाईने उरकलेल्या सकाळच्या कामावर उभी असते. तो देवघराच्या कोपऱ्यात बायबल वाचतो तेव्हा ती डबे भरत असते. मार्था आणि मरीया यांच्या गोष्टीत मार्थेला बोल लावणाऱ्या प्रवचनांनी एवढं विचारावं की त्या दिवशी भांडी कोणी घासली. माइस्टर एकहार्टने तेराव्या-चौदाव्या शतकाच्या संधीवर उलटं वाचन केलं होतं: मार्था ही अधिक पक्व, कामात असूनही देवापासून न ढळणारी, तर मरीया अजून शिकणारी. ते वाचन सर्वांना पटणार नाही, पण ते करून पाहण्यासारखं आहे.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत या प्रश्नाचे तीन रस्ते झाले, ते थोडक्यात पाहू. सतराव्या शतकातल्या वेस्टमिन्स्टर विश्वासकथनाने देवाने आपली इच्छा प्रकट करण्याचे पूर्वीचे मार्ग आता थांबले आहेत असं म्हटलं, म्हणून त्या परंपरेत ऐकणं म्हणजे शास्त्र नीट वाचणं. त्याच काळात जॉर्ज फॉक्सच्या क्वेकर लोकांनी प्रवचन, संगीत बाजूला ठेवून एकत्र मुकाट बसायला सुरुवात केली. ज्याला आतून प्रेरणा होईल त्याने उभं राहून बोलावं, बाकीच्यांनी ते तोलावं. तिसरा रस्ता पेंटेकॉस्टल मंडळ्यांचा, जिथे आत्मा आजही थेट बोलतो. या तिन्हींच्या मधे राहून एफ. बी. मायर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्यवहारी खूण दिली: शास्त्र, आतली प्रेरणा आणि परिस्थिती हे तीन दिवे एका रेषेत आले की पुढे जावं. १९८० मध्ये गॅरी फ्रीसन यांनी याही पद्धतीवर बोट ठेवलं. प्रत्येक नोकरी, प्रत्येक घर, प्रत्येक स्थळ याबाबत देवाची एकच गुप्त योजना असते आणि ती शोधली नाही तर आयुष्य चुकतं, असं शास्त्र कुठे म्हणतं? शास्त्राने आखलेल्या मर्यादेत शहाणपणाने निवड करावी, असं ते म्हणतात. लग्न ठरवताना चिन्हं शोधत वर्षं घालवणाऱ्या तरुणांना हे पुस्तक दिलासा देतं. पण देवाशी असलेलं नातं त्यात काहीसं कोरडं होतं, असं मला वाटतं. ज्याच्यावर प्रेम आहे त्याचे नियम माहीत असले तरी माणूस त्याच्याशी बोलणं सोडत नाही.

विश्वासाच्या बाहेरून या प्रश्नाकडे पाहणारं महत्त्वाचं काम अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुहरमान यांचं. शिकागो आणि कॅलिफोर्नियातल्या व्हिनयार्ड मंडळ्यांत त्या वर्षानुवर्षं बसल्या. त्यांचं 'व्हेन गॉड टॉक्स बॅक' हे पुस्तक २०१२ मध्ये आलं. देव आहे की नाही या वादात त्या पडत नाहीत. ऐकणं हे शिकावं लागतं, हे त्यांनी दाखवलं. नवखे लोक आपल्या मनातल्या विचारांची पारख करायला शिकतात: हा विचार अनपेक्षित होता का, देवाच्या स्वभावाशी जुळतो का, त्याने शांती आली का. कोणी देवासाठी समोर कॉफीचा दुसरा कप ठेवून बोलायला बसतात. कानांना प्रत्यक्ष आवाज ऐकू आल्याचे अनुभव आहेत, मात्र ते विरळ आणि क्षणिक. चेन्नई, आक्रा आणि कॅलिफोर्निया इथल्या मनोविकारग्रस्तांच्या तुलनेतून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हेही मांडलं की आजारात ऐकू येणाऱ्या आवाजांनाही समाजाचा रंग चढतो. चेन्नईत ते पुष्कळदा नातेवाइकांचे असतात, अमेरिकेत अधिक हिंसक. इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. सतत बोलणारा, धमकावणारा, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगणारा आवाज येत असेल, तर प्रार्थनेबरोबर मनोविकारतज्ज्ञाकडे नेलंच पाहिजे. पाळकांनी आणि फादरांनी हे स्वतःहून सांगितलं पाहिजे.

महाराष्ट्राने या प्रश्नात स्वतःची भर घातली आहे, आणि ती शांततेच्या बाजूने कमी, गलक्याच्या बाजूने जास्त आहे. १८९३ मध्ये नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. आगगाडीच्या डब्यात भेटलेल्या एका युरोपीय प्रवाशाने त्यांच्याशी गप्पा मारल्या, नवा करार हातात ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्या डब्यात दिव्य प्रकाश नव्हता. होती ती आगगाडीची धडधड आणि एका परक्या माणसाने मधेच सुरू केलेलं बोलणं, म्हणजे प्रवासातला व्यत्ययच. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं मन वळायला आणखी वर्षं लागली. कोणाच्या हातचं पाणी प्यायचं, कोणाच्या हातचं नाही, या रोजच्या प्रश्नाशी त्या झगडल्या. माणसामाणसांतला भेद देवाने केला की माणसाने, हा विचार त्यांना तिथे भेटला. त्यांचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र वाचताना जाणवतं की त्यांना आवाज ऐकू आला तो घागरीपाशी.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जे जागरण झालं ते तर अक्षरशः गोंगाटात झालं. दुष्काळातून आणि वैधव्याच्या जाचातून आलेल्या मुली-बायका एकाच वेळी मोठ्याने रडत, प्रार्थना करत. हा गोंधळ पाहून टीका करणारे होते. मिशनच्या संस्थापक पंडिता रमाबाईंनी या मुली-बायकांना गप्प केलं नाही. ज्यांना जन्मभर गप्प बसवलं गेलं त्यांच्या तोंडून आवाज फुटणं हेच तिथे आत्म्याचं काम असेल, तर त्यांना शांतता शिकवणं हा अन्याय झाला असता. आणि याच रमाबाई त्याच धबडग्यात, आयुष्याच्या अखेरच्या दीडेक दशकात, हिब्रू-ग्रीक कोश उघडून बायबलचं मराठी भाषांतर करत बसत. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. वचनाशी चिकाटीने बसणं आणि आर्त आवाजाला वाट देणं, दोन्ही एका अंगणात.

मुंबईत १९३१ मध्ये जन्मलेले जेझुइट अँथनी डिमेलो यांनी पुण्यात आणि मग लोणावळ्यात चालवलेल्या 'साधना' संस्थेतून निराळा धागा घातला. त्यांचं 'साधना' हे पुस्तक १९७८ मध्ये आलं. त्यातल्या एका सरावात सांगितलंय की भोवतालचे आवाज परतवू नका: गाड्या, पाखरं, माणसांचं बोलणं, सगळं ऐका, लहानातला लहान आवाज टिपा, आणि त्या सगळ्याला देवाने पेलून धरलं आहे अशा भावनेने त्यात विसावा घ्या. समोरच्या रिकाम्या खुर्चीवर येशू बसला आहे असं समजून बोलण्याचा सरावही त्यात आहे. लुहरमान यांनी पाहिलेल्या कॉफीच्या कपाची ही थोरली बहीण. आडोसा नसलेल्या खोलीत, रहदारीच्या रस्त्यालगतच्या घरात राहणाऱ्यांना यातून फार मोठी सोय मिळाली. विरार लोकलमध्ये उभ्यानेच बोटांत जपमाळ फिरवणाऱ्या बाईला ती रीत पुस्तकाशिवायच येते. १९९८ मध्ये व्हॅटिकनने डिमेलोंच्या काही लेखनाबद्दल इशारा दिला, विशेषतः त्यांच्या उत्तरकालीन लेखनात देव व्यक्तिरूप न राहता धूसर होतो अशा काळजीने. मला ती काळजी पोकळ वाटत नाही. आवाज ऐकता ऐकता बोलणाराच हरवला तर ख्रिस्ती माणसाच्या हाती काय उरणार? 'साधना'चे सराव मात्र आजही अनेक ख्रिस्ती लोक करतात, आणि त्यांनी करत राहावं.

'देवाने मला सांगितलं' हे वाक्य दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल उच्चारलं जातं तेव्हा ते सर्वांत धोकादायक असतं. औषध बंद कर, याच मुलाशी लग्न कर, घर विकून दान दे. ऐकणाऱ्याची पंचाईत अशी की नकार दिला तर तो माणसाला नव्हे, देवाला दिल्यासारखा वाटतो. म्हणूनच जुन्या परंपरा पारखण्याबाबत इतक्या काटेकोर आहेत. योहान आपल्या पहिल्या पत्रात प्रत्येक आत्म्याची परीक्षा करायला सांगतो. रोमच्या धर्मसभेने १७ मे २०२४ रोजी दर्शनं आणि साक्षात्कार तपासण्याचे नवे नियम काढले. आता एखादा प्रकार देवाकडूनच आहे असं जाहीर करणं हा नेहमीचा मार्ग राहिलेला नाही. फार तर भक्तीला हरकत नाही, एवढं म्हटलं जातं. इतकी मोठी संस्था इतक्या जपून बोलते, तर प्रार्थना सभेत माइक हातात घेणाऱ्याने किती जपून बोलावं!

राहिला हाक मारणारा माणूस. जर्मन धर्मपंडित डीट्रिख बोनहोफर यांनी फिंकेनवाल्डे इथल्या आपल्या सेमिनरीत विद्यार्थ्यांना रोज अर्धा तास एका छोट्या उताऱ्यावर मुकाट मनन करायला लावलं. १९३७ मध्ये गेस्टापोने ती बंद केली. त्या अनुभवावर लिहिलेल्या १९३९ च्या पुस्तकात ते मननाची बाजू मांडतात आणि त्याच दमात म्हणतात की ज्याला आपल्या बंधूचं ऐकून घेता येत नाही त्याला लवकरच देवाचंही ऐकता येईनासं होतं. आपली कामं देवाच्या इच्छेने मधेच मोडली जाऊ देण्याची तयारी ठेवा, हेही तिथेच आहे.

तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या जामखेडचं उदाहरण मला इथे द्यावंसं वाटतं. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये तिथे आले ते गरिबांची सेवा करण्याची देवाची हाक मानून. वैद्यकीय ज्ञान, योजना सगळं जवळ होतं. गावकऱ्यांना विचारलं तेव्हा उत्तर दवाखान्याचं आलं नाही. पाणी पाहिजे, खायला पाहिजे, असं लोक म्हणाले. आरोळे दांपत्याने त्याला आपल्या कामातला अडथळा मानलं नाही, तिथूनच सुरुवात केली. पुढे ज्या बायकांना अक्षरओळख नव्हती त्यांना त्यांनी गावच्या आरोग्यसेविका केलं. त्यांच्या मूळ हाकेचा नेमका अर्थ लोकांच्या तोंडून पूर्ण झाला, असं मी मानतो.

आपल्या मंडळ्यांत साक्ष द्यायला वेळ राखलेला असतो, टाळ्या असतात, हालेलूया असतो. साक्षीत सांगितलेली प्रेरणा तपासायलाही तसा वेळ असावा. क्वेकर लोकांची एक पद्धत त्यासाठी उसनी घेता येईल. कोणाला एखाद्या निर्णयाबद्दल देवाची प्रेरणा वाटत असेल तर विश्वासातली चार-पाच माणसं त्याच्याबरोबर दोन तास बसतात. त्यांनी सल्ला द्यायचा नाही, उपदेश करायचा नाही, आपली गोष्ट सांगायची नाही. फक्त प्रामाणिक प्रश्न विचारायचे, ज्यांची उत्तरं त्यांना स्वतःला ठाऊक नाहीत असे, आणि मधल्या शांततेला घाबरायचं नाही. बोलणं त्या खोलीबाहेर जात नाही. याला ना पैसा लागतो, ना मोठं सभागृह. लागतात ती गप्प बसू शकणारी माणसं, आणि त्यांत एक तरी बाई असावी, एक तरी म्हातारं माणूस असावं आणि एक तरी असा जो पाळकांच्या मर्जीत नाही.